ओंडक्यावरचे घाव

खाटकीण कुणाच्या बापाला भीत नसे. नवऱ्याच्या दुकानात सकाळपासून ओंडक्यासमोर उभी, हातात सत्तूर, कमरेला रुंद चामडी पट्टा. पाळी थांबली तेव्हा म्हणाली, वय झालं, सुटले एकदाची. पोट फुगलं तर वात झाला म्हणाली आणि पट्टा आणखी आवळला. थोरली लेक सासरी नांदत होती, मग भलतंसलतं कुणाच्या डोक्यात येणार?

एका दुपारी मटण तोडता तोडता ती कोसळली. आतडी फाटताहेत असं वाटून तिने सावरायला आलेल्या नवऱ्याच्या दंडाचा कडकडून चावा घेतला, रक्त काढलं. तिथेच फरशीवर, हाडांच्या तुकड्यांत, पोरगी झाली. खाटकीण बघतच राहिली.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "उचला."

बाळंतपणापासून दुकान बंद होतं. पोरगी सारखी रडायची. आईने घेतली की ताठ व्हायची, तोंड फिरवायची. एकदा खाटकिणीने संतापून तिला गदगदा हलवलं. सासूने पोर हिसकावली आणि सुनेच्या सणसणीत थोबाडीत दिली. सुनेने तिला भिंतीवर ढकललं. मग घरात ठरलं, मूलबाळ नसलेल्या मोठ्या जावेने पोरीला घेऊन जावं. बरंच झालं, ब्याद टळली, असं खाटकीण म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला घास गेला नाही.

जाऊ न्यायला आली तेव्हा पोरगी दुकानामागच्या खोलीत किंचाळत होती. जावेने छातीशी धरलं, सासूने झुलवलं, काही उपयोग नाही. खाटकिणीचं डोकं फिरलं. तिने सत्तूर उचलला. जाऊ पांढरीफटक पडली. नवरा आडवा आला, त्याला कोपराने हाणलं आणि रिकाम्या ओंडक्यावर ती घाव घालत सुटली, पार ढलप्या उडेपर्यंत.

रडणं थांबलं.

तिचा हात थांबला, पोरगी पुन्हा रडू लागली. घाव घातला, पुन्हा गप्प. पोटात असताना दिवसभर हेच तर ऐकलं होतं पोरीने, पट्ट्याखाली चेंगरून.

खाटकीण नवऱ्याकडे वळली. "मला मेलीला पत्ता नव्हता," ती म्हणाली, "आणि ही मला ओळखत होती."

तिने पट्टा सोडून भिरकावला, सत्तूर नवऱ्याच्या हातात दिला. "अहो, घाव घाला. थांबू नका." आणि सासूकडून पोरगी घेतली. या खेपेला पोरगी ताठ झाली नाही.

जाऊ रिकाम्या हाताने परतली. आवाज ऐकून आलेली गिऱ्हाइकं दारात खोळंबली होती, आणि खाटीक दातांचे वण असलेल्या हाताने रिकामा ओंडका तोडत होता.