मला भोक पाडणारं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाणी भरून दुखरं अंग शेकायची. नवी होते तेव्हा लालभडक दिसायचे. आता पार विटले आहे. आजोबांची कंबर शेकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कंबर बरी झाली, की मात्र मी न्हाणीघरात दाराआड लटकत असे.

एकदा त्यांच्या सुनेच्या शिवणकामाच्या खोलीत, चिंध्यांच्या ढिगावर गल्लीतली कुत्री व्याली. चार पिल्लं झाली, पण तिला सडकून ताप भरला आणि दूध आटलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना पिल्लांसाठी दुधाची पावडर आणि छोटीशी बाटली देऊन गेल्या.

तीन पिल्लं मिटल्या डोळ्यांनी चुटुचुटु दूध प्यायली. धाकटं मात्र गारठलं होतं. तोंडच उघडेना.

"दोन थेंब तरी घालते," सूनबाई रडकुंडीला आली.

"अगं, थांब! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? आधी ऊब, मग दूध!" असं म्हणत खुर्चीत कंबर शेकत बसलेल्या आजोबांनी मला पाठीमागून ओढून काढलं.

"बाबा, तुमची कंबर?"

"ती कुठे पळून जातेय?"

कोमट पाणी भरून, वर टॉवेल गुंडाळून त्यांनी मला पिल्लाशेजारी ठेवलं. तो मूठभर जीव मला चिकटला. खरं सांगते, मी फार घाबरले होते. माझं पाणी निवलं, की आजोबा कण्हत उठून ते बदलत. हळूहळू पिल्लाचा पाय हलला. मग ते चक्क टॉवेलच चोखू लागलं! सूनबाईने त्याला पालथं धरून बाटली दिली, तर सोडायला तयार नाही. नंतर आई चाटते तसं ओल्या कापसाने पोट पुसलं, तशी स्वारीने आजोबांच्या मांडीवरच शू केली.

"वा! सगळं सुरळीत चालू झालं!" आजोबा खो खो हसले.

पिल्लांची आई बरी होऊन परतली. पिल्लांना दात फुटले आणि धाकट्याने पहिला दात माझ्यावरच चालवला. आजोबांचं अंथरूण भिजलं, तेव्हा कुठे माझं भोक सापडलं.

मित्रांनो, इवलंसं पिल्लू गार पडलेलं दिसलं, तर घाईने दूध पाजू नका. मोठ्या माणसांना हाक मारा, आधी त्याला ऊब द्या. माझ्यासारख्या पिशवीवर फडकं गुंडाळायला मात्र विसरू नका, कोवळी कातडी भाजते.

मी आता पाणी धरत नाही. सूनबाईने माझ्यात जुने मोजे भरून तोंड शिवलं आहे. रोज सकाळी चारही भावंडं अंगणात माझी ओढाओढ करतात. सगळ्यांत जास्त जोर धाकट्याचा.