जाळायला दिलेला पियानो

ऑक्टोबर लागला की टेंटर रो या आमच्या गल्लीतली आम्ही पोरं लाकडाशिवाय दुसरं काही बोलायचोच नाही. पाच नोव्हेंबरला, राजाला उडवायचा जुना कट फसला त्याच्या आठवणीत, आमच्या क्रॅगशॉ गावातल्या प्रत्येक गल्लीचा होळीसारखा स्वतःचा जाळ व्हायचा, आणि कुणाचा जाळ उंच गेला त्यावर पुढचं वर्षभर शाळेत कुणी मान वर करून चालायचं ते ठरायचं. मोडकी खुर्ची दाराबाहेर ठेवून माणूस आत वळला, की पुन्हा बाहेर येईपर्यंत ती गेलेली असायची.

आमची म्होरकी बेरिल. तेरा वर्षांची, दणकट, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. मी ऑड्री, दहाची, अंगाने काडी. त्या वर्षी पलीकडच्या गॅस स्ट्रीटवाल्यांना एक आख्खा सोफा मिळाला होता आणि आमच्याकडे होती चार खोकी नि एक लंगडं टेबल. बेरिल दोन दिवस कुणाशी धड बोलत नव्हती.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या घरातले ॲक्रॉइडकाका आपण होऊन आमच्याकडे आले. जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात लोकर रंगवून त्यांची नखं निळी पडलेली. वसंतात त्यांची बायको, नेलीकाकू, वारली. ती चर्चमध्ये पियानो वाजवायची, आणि घरीही.

"पोरांनो, पियानो हवाय का?" काकांनी विचारलं.

"वाजवायला?" बेरिलचा धाकटा भाऊ स्टॅन म्हणाला.

"जाळायला."

बेरिलने मोठ्या माणसासारखा काकांशी हात मिळवला. तसं करताना मी तिला तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

गल्लीतल्या सहा बाप्यांनी तो पियानो घराबाहेर काढला, कोळसेवाल्याच्या हातगाडीवर चढवला आणि मागच्या मोकळ्या जागेत आमच्या लाकडांशेजारी आणून उभा केला. काका दारात उभे होते, पण बघत होते दुसरीकडेच. गॅस स्ट्रीटवाले पळवतील म्हणून बेरिलने मला राखणीला बसवलं. "कुणी आलं तर किंचाळ," एवढं सांगून बाकीची टोळी आणखी लाकडं आणायला गेली.

मी कधी पियानोला हात लावलेला नव्हता. झाकण उघडलं. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या. एक दाबली. आवाज निघाला, आणि बोट उचलेपर्यंत तिथेच घुमत राहिला. मी दुसरी दाबली. मग रविवारच्या शाळेत आम्ही म्हणायचो त्या प्रार्थनेची पहिली ओळ शोधायला घेतली. चुकलं की मागे यायचं, पुन्हा जायचं. दुपारपर्यंत आख्खी चाल मला एका हाताने यायला लागली होती. मला त्याचं नवल वाटलं नाही, हे आजही आठवतं. सूर कुठे आहे ते मला दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत असेल असं मी धरून चालले.

बेरिल परत आली तेव्हा दुसरा हात काय करतो ते मी शोधत होते.

"ए, राखण करायला सांगितलं होतं, मैफल नाही."

"बेरिल, हा जाळायचा नाही."

"का? तुझ्या आजोबाचा आहे?"

"वाजतोय तो."

"मांजरही ओरडतं. बाजूला हो."

"नाही होणार," मी म्हणाले आणि झाकणावर चढून बसले. "आधी काकांना विचारते. ते जाळ म्हणाले तर मी स्वतः काडी लावीन."

बेरिलने माझ्याकडे पाहिलं, मग टेकडीवर जमलेल्या ढगांकडे पाहिलं. "जा. पाऊस यायच्या आत ये. भिजला तर पेटायचा नाही."

ॲक्रॉइडकाका चुलीसमोर बसले होते. पियानो होता तिथे भिंतीला चिकटवलेला कागद त्याच्या मापाने उजळ राहिला होता. मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला तो जळायलाच हवाय का?"

"मला तो समोर नकोय," ते म्हणाले. "रोज सकाळी खाली आलो की आधी त्याच्याकडे नजर जाते. दोनदा तर मी तिला हाक मारली."

"मग मला द्या. आमच्या घरातून तुम्हाला दिसायचा नाही."

त्यांनी चुलीतले कोळसे सारखे केले. "मघाशी तूच वाजवत होतीस?"

"हो."

"तिसऱ्या ओळीत चुकत होतीस."

"माहितीये. तिथली एक पट्टी मेलेली आहे."

काका हसले. बायको गेल्यावर त्यांना हसताना गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. "ॲग्नेसने, तुझ्या आईने, हो म्हटलं तर ने. पण ॲग्नेस हो म्हणायची नाही हो, पोरी."

ते खरं होतं. आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर दोन. आई मागांवर काम करायची, आणि मागांच्या खडखडाटाने तिचे कान जवळजवळ गेलेले. गिरणीतल्या सगळ्याच बायका ओठ वाचून बोलायच्या, पण आईला आता घरीही तेच करावं लागे. जिला ऐकू येत नाही तिच्याकडे पियानो मागायचा होता. मी घाबरले नव्हते. आईपुढे रडून काही मिळत नाही, कारण सांगितलं तर कधीकधी मिळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी गिरणी दुपारीच सुटायची. आई खरेदी उरकून डोक्याला रुमाल बांधून गल्लीत शिरली आणि मी तिला हाताला धरून मागे नेलं.

"हा आपण घरी न्यायचा," मी तिच्याकडे तोंड करून म्हणाले.

"आणि जेवायचं कुठे? याच्या डोक्यावर बसून?"

"कपाट हलवलं तर मावतो. मी दोरीने मापलंय."

"कपाट माझ्या आईचं आहे, ऑड्री."

"जेनीमावशीला ते कधीचं हवंय."

आईने कमरेवर हात ठेवले. "तुला वाजवता तरी येतं का?"

मी वाजवायला लागले. ती माझ्या बोटांकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने जवळ आली आणि पियानोच्या कुशीवर तळवा टेकवला, ताप बघतात तसा. मी शेवटपर्यंत गेले आणि थांबले. तिने हात काढला नाही.

"डावीकडचं वाजव," ती म्हणाली. "जाडं."

मी डावीकडच्या पट्ट्या दाबल्या. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. तिने दुसराही हात थरथरणाऱ्या लाकडावर ठेवला. ढग गावावर आले होते, टोळी भोवती उभी होती, आणि बेरिलसुद्धा पुढे सरकली होती.

"जेनीला सांग, कपाट न्यायला माणसं पाठव म्हणावं," आई म्हणाली. "आणि तुझ्या बाबाला कामगार क्लबातून बोलाव. पावसात भिजवायचाय का तो?"

"आणि आमचा जाळ?" बेरिल म्हणाली. "गॅस स्ट्रीटवाले तोंडावर हसतील आमच्या."

ती बरोबर बोलत होती. जाळ माझाही होता. मी पुन्हा ॲक्रॉइडकाकांचं दार वाजवलं. त्यांनी कोट चढवला आणि आम्हा सगळ्यांना टेकडीखाली ते भाजी लावायचे त्या जमिनीच्या तुकड्यावर घेऊन गेले. तिथे कोंबड्यांचं लाकडी खुराडं होतं, पुरुषभर उंच. कोल्हा शिरल्यापासून रिकामं.

"हे घ्या," काका म्हणाले. "आणि खिळे काढून घ्या आधी, कुणाच्या पायात जातील."

बेरिलने खुराड्याभोवती एक फेरी मारली. दार ओढून पाहिलं, छपरावर थाप मारली. "पियानोपेक्षा मोठं आहे," ती शेवटी म्हणाली, आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. ती तिची शाबासकी होती.

पाच तारखेला आमचा जाळ गिरणीच्या छतापर्यंत गेला. राखेत भाजलेले बटाटे खाऊन आमची तोंडं काळी झाली. गॅस स्ट्रीटची पोरं येऊन बघून गेली आणि काही बोलली नाहीत, ते आम्हाला पुरलं.

पियानो घरात आला आणि आमची जेवायची जागा निम्मी झाली. दुसऱ्या आठवड्यात ॲक्रॉइडकाका दारात उभे. काखेत नेलीकाकूंच्या स्वरलिपीच्या वह्यांचा गठ्ठा.

"मला वाजवता येत नाही," ते म्हणाले. "पण लग्न झाल्यापासून तिची पानं मीच उलटली. कुठे चुकतंय ते कळतं मला."

ते दर मंगळवारी यायचे. मी चुकले की खोकायचे. फार चुकले की पाइप पेटवायचे. आई संध्याकाळी खुर्ची पियानोला पाठ लावून ठेवायची आणि विणकाम घेऊन टेकून बसायची. कधी न वळता म्हणायची, "आज घाईत आहेस." ते बरोबर असायचं.

मी सोळा वर्षांची असताना कामगार क्लबाचा पियानोवादक आजारी पडला आणि मला बोलावणं आलं. लीड्सचा एक गवई आला होता, चकाकणारा कोट घातलेला. माझ्याकडे बघून तो क्लबाच्या अध्यक्षांना म्हणाला, "हिच्या घरी कुणी मोठं नाही का?" आणि गाणं सुरू केलं ते एक सूर वर. मी दोन ओळी वाट पाहिली, मग हात उचलले. क्लबात बिअरचे पेले खाली ठेवल्याचे आवाज आले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुम्ही वर चढलात. पुढे पोचणार नाही. पुन्हा सुरू करू."

मी त्याला सूर दिला. तो लाल झाला होता, पण त्याने तो घेतला, आणि शेवटची ओळ अशी स्वच्छ लागली की लोकांनी ती त्याला दोनदा म्हणायला लावली. निघताना त्याने मला लिंबूपाणी पाजलं आणि दर शनिवारी कोण वाजवतं ते अध्यक्षांना विचारलं.

"ही वाजवते," अध्यक्ष म्हणाले. ते मलाही तेव्हाच कळलं.