टोकावरचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. माझ्या हातात ना काठी, ना कंदील. एका न्हाव्याच्या हाडात, रक्त तयार करणाऱ्या मगजातल्या, म्हणजे मज्जेतल्या, एका पेशीत, गुणसूत्राच्या अगदी टोकावर माझा मुक्काम. खरं तर मी एकटा नाही. सहा प्रथिनं एकमेकांना धरून बसली, की त्यांचा एक 'मी' होतो.

माझं काम डोळ्यात तेल घालून करायचं. पेशीत दुरुस्तीवाले फिरत असतात. तुटका धागा दिसला रे दिसला, की ते जोडून टाकतात. गुणसूत्राचं उघडं टोकही त्यांना तुटकंच वाटतं! त्यांनी दोन भलतीच टोकं सांधली, तर पेशीचा सत्यानाश. म्हणून मी टोक दुमडून झाकून ठेवतो. एका पेशीच्या दोन होताना टोक थोडं झिजतं. ती झीज भरणाऱ्या कारागिराला हाक मारणंही माझ्याकडेच. पण आमच्या सहा जणांतला एक जन्मापासून अधू. त्याच्या हाकेला जोर नाही, कारागीर कधी येतो, कधी नाही. टोक फारच झिजलं, की पेशी नवं रक्त करायचं सोडून देते. त्यामुळे माझा जीव सदा टांगणीला.

हा अधूपणा माझ्या न्हाव्याच्या वडिलांकडून आला. तेही न्हावीच. पंचविशीतच त्यांचं डोकं पांढरं झालं. "न्हाव्याचं डोकं म्हणजे दुकानाची पाटी," असं म्हणत ते दर आठवड्याला केस रंगवत. पुढे कोरड्या खोकल्याने त्यांची छाती आवळत गेली आणि ते गेले. दुकान, कात्र्या आणि रंगाची वाटी धाकट्याकडे, म्हणजे माझ्या न्हाव्याकडे, आली. तो स्वतःचे केस रंगवी आणि शिवणकाम करणाऱ्या ताईचेही. या रंगाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा घरचा दंडकच होता.

मग ताईला सुई टोचली तरी रक्त थांबेना. तिच्या हाडातला मगज आटला होता. दुसऱ्या कोणाचा तरी द्यावा लागणार होता, आणि धाकट्याचा मेळ बसला. तो नाचायचाच काय तो बाकी होता. "ताई, माझं हाड न् हाड तुझं!"

मला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. अरे वेड्या, माझ्यासारखे अधू राखणदारच तू तिला देणार? तिचा मगज त्यांच्यामुळेच तर आटला! ओरडावं तर मला तोंड नाही. डॉक्टरबाईंनी विचारलंही होतं, "घरात कोणाचे केस फार लवकर पिकलेत का?"

"छे हो!" दोघंही एका सुरात म्हणाली. सवय, दुसरं काय!

ठरलेला दिवस उजाडला. आधी कडक औषधाने ताईचा उरलासुरला मगज रिकामा करायचा, मग धाकट्याचा भरायचा. औषध एकदा चढलं, की परतीची वाट नाही. केस गळणारच होते, म्हणून ताई म्हणाली, "परक्याचा हात नको, तूच काप. पण वस्तरा नको रे बाबा, मशीन लाव." धाकट्याने तिच्या डोक्याचा रुमाल सोडला. बरेच दिवस रंग लागला नव्हता. केस टोकाला काळे आणि मुळाशी पांढरेफटक. चादरीवर त्यांचा ढीग पडू लागला.

डॉक्टरबाई आत आल्या आणि चादरीकडे बघून थबकल्या. "हे कधीपासून?"

"आजारपणाने हो," धाकटा बोलून गेला.

परिचारिका औषधाची नळी जोडत होती. मित्रांनो, मी भीतीने टोक घट्ट धरून बसलो.

"आणि तुमचे?" बाईंनी विचारलं.

धाकटा चादरीवरचे केस गोळा करू लागला. धाकट्याचे कान लाल झाले.

"सांग की रे," ताई म्हणाली. "मी इथे अर्धी टकली बसलेय, आणि लाज तुला?"

"पंचविशीपासून," तो कसाबसा म्हणाला. "तिचेही तसेच. बाबांचेही. मीच रंगवतो."

"नळी काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी ती नळी काढा."

तपासणीत दोघांचीही टोकं झिजलेली निघाली. माझ्या धाकट्याचा मगज ताईला तारणार नव्हता, आणि ते कडक औषध तर तिला झेपलंच नसतं. धाकटा जिन्यात बसून ढसाढसा रडला. मग शोधाशोध झाली. कोणा अनोळखी माणसाचा मगज जुळला, औषध सौम्य दिलं, आणि काही महिन्यांनी ताईचं शिवणयंत्र पुन्हा खडखडू लागलं. तिच्या रक्तात आता परके राखणदार आहेत. त्यांच्या हाकेला जोर आहे म्हणे. मला त्यांचा हेवा वाटतो आणि हायसंही वाटतं.

मी इथेच आहे. टोक झिजतंच आहे, भीती काही गेलेली नाही. पण धाकटा आता वेळच्या वेळी रक्त तपासून घेतो. त्याचं डोकं पांढरंशुभ्र आहे. परवा एक तरुण गिऱ्हाईक म्हणालं, "पांढरे केस झाकायचेत."

"झाकू की," धाकटा म्हणाला. "बहुतेकांचे नुसतेच पिकतात, घाबरू नकोस. पण आधी सांग, घरात आणखी कोणाचे असे पिकलेत? कोणाला जुना खोकला?"

मित्रांनो, झाकायचं काम माझं आहे, आणि जमेल तितके दिवस मी ते करीन. तुम्ही मात्र डॉक्टरांपुढे काही झाकू नका.