खिळ्यावर राहिलेली गिटार

मित्रांनो, तो अगदी साधा शनिवार होता. पोर्ट अँटोनियोच्या टेकडीवरच्या घरात आयोनी दर शनिवारसारखी वडिलांसाठी भोपळ्याचं सूप घेऊन आली. वडील, वर्नल पिनॉक, पलंगावर बसून माझ्या तारा छेडत होते. त्यांना एक नवी चाल सुचली होती. ती संपवून त्यांनी मान वर केली.

"कशी वाटली?"

"सूप निवतंय, डॅडी," ती म्हणाली.

त्यांनी मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि चमचा हातात घेतला. मंगळवारी ते गेले.

मी त्यांची जुनी गिटार. माझा जन्म याच घरातला. वर्नल शाळकरी असताना त्यांच्या सुतार मामाने मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून मला घडवलं. आमच्या रेगेत ठोका ड्रमचा आणि बेसचा. गिटारने ठोक्यावर गप्प राहायचं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत चटकन बोलून घ्यायचं. हे वर्नलना असं साधलं, की हॉटेलांत वाजवता वाजवता आम्ही किंग्स्टनच्या स्टुडिओत पोहोचलो, आणि तिथून लंडनला.

तिथे व्हायोलिनांचा गोड मुलामा चढवून त्यांचं एक प्रेमगीत निघालं. ते घरोघरी गाजलं. टीव्हीवर गाताना त्यांच्या हाती चकचकीत पांढरी गिटार दिली गेली. तिला साधी वायरही जोडलेली नव्हती. रेकॉर्डमधल्या माझ्या आवाजावर लोक नाचत होते, आणि मी मेकअपच्या खोलीत कोटांच्या ढिगाखाली पडून ते ऐकत होते.

छोटी आयोनी तेव्हा इथे, सिल्डा आत्याजवळ वाढत होती. फोनवर तिच्याशी काय बोलावं हे वर्नलना सुचत नसे. ते रिसीव्हर माझ्यापाशी ठेवून वाजवत आणि विचारत, "कशी वाटली?" पलीकडे नुसती खरखर. मग बारीक आवाजात, "आत्या बोलावतेय." आणि फोन बंद.

दुसरं गाणं चाललं नाही. तिसऱ्याला कुणी विचारलं नाही. पुढे लग्नांत, क्लबांत लोक तेवढं एकच गाणं मागत आणि ते संपलं की जेवणाकडे वळत. म्हातारपणी वर्नल घरी परतले. समुद्राच्या दमट हवेने माझ्या तारा गंजल्या, पाठीला चीर गेली.

आमच्याकडे गेलेल्याला नवव्या रात्री निरोप देतात. त्याआधी त्याची खोली फिरवतात. पलंग दुसऱ्या भिंतीला लावायचा, गादी उलटी करायची, कपाट हलवायचं. म्हणजे परत आलेल्याला आपली खोली ओळखू येत नाही आणि तो पुढच्या वाटेला लागतो. नवव्या दिवशी दुपारीच अंगणात जमलेल्यांच्या डॉमिनोच्या सोंगट्या आपटू लागल्या होत्या. वर्नलचा जुना ड्रमवाला ऑब्री मासे तळत होता. आत सगळं फिरवून झालं, फक्त मी जागच्या जागी होते.

"अगं बये, गिटार राहिली की!" सिल्डा आत्या म्हणाली. "आधी तीच दिसणार त्याला. मग बसेल इथेच ठाण मांडून."

"असू दे, आत्या."

"असू दे म्हणे! जिवंतपणी घरात टिकला नाही, त्याला आता ठेवून घेतेस?"

"तिला कशाला बोल लावतेस, सिल्डा?" ऑब्री खिडकीतून म्हणाला. "तो आलाच तर माझ्या माशांसाठी येईल."

आयोनी हसली नाही. "त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं, आत्या. उत्तर द्यायचं राहिलंय. खोली अनोळखी झाली तर कुणाला देऊ?"

"दिवस मावळायच्या आत आटप, पोरी," आत्या म्हणाली आणि बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.

मित्रांनो, वाद्यांच्या तारा पुसत जा, त्यांना दमट हवेत ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण गंज मी सोसला. वाजवून थांबल्यावर खोलीत जी शांतता पडते, ती मात्र कधी सोसली नाही. घरात कुणी वाजवत असेल तर हातातलं काम क्षणभर ठेवा. आणि ऐकलंत, हे त्याला सांगा.

आयोनीने माझ्या तारांवरून अंगठा फिरवला. दोन तारा बेसूर बोलल्या. पलंग आता समोरच्या भिंतीला होता, तरी ती त्याच्या जुन्या, मोकळ्या जागेकडे तोंड करून उभी राहिली.

"छान होती, डॅडी," ती मोठ्याने म्हणाली. "फोनवरच्या चालीसुद्धा. मला रडू यायचं, म्हणून मी ठेवून द्यायचे. आत्या कधी बोलावतच नव्हती."