शेकोटीचं पाचवं गाणं

मच्छिंद्रला तीन कॉर्ड येत होत्या, आणि चौथी येते असं तो सांगायचा. पण गिटार ती गिटारच! शहाण्णव साली अख्ख्या डी.एड. कॉलेजात ती एकट्या त्याच्याकडं होती, आणि जालन्याच्या रस्त्यानं गिटार पाठीला लावून सायकलवर जाणारा पोरगा म्हटल्यावर लोक दुकानातून माना बाहेर काढून बघायचे. बापाची तीर्थपुरीला मोसंबीची बाग. पोरगं जुन्या जालन्यात खोली करून राहायचं आणि शिकलेल्या तीन कॉर्डमधी सगळं जग बसवायला बघायचं. गळा मात्र फाटका. एका पट्टीत सुरू करायचा आणि कुठं जाऊन पडेल त्याचा त्यालाच पत्ता नसायचा.

गळा होता बेबीनंदा खरातकडं. ती वर्गात कविता म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं. म्हणून स्काउट-गाइडच्या शिबिरात बद्रीनाथ सरांनी या दोघांना जोडीनं कामाला लावलं. शिबिर जाफराबादकडच्या एका खेड्यात, झेडपीच्या शाळेत. शेवटच्या संध्याकाळी शेकोटी, आणि शेकोटीला अख्ख्या गावाला आवतण.

"पाच गाणी निवडा," सर म्हणाले. "सोपी पाहिजेत. पोरंसोरं, गावकरी, सरपंच, सगळ्यांना मागं म्हणता आली पाहिजेत. आणि सिनेमातलं एक नको मला."

सोपं पाहिजे! लोकांना सगळं सोपंच पाहिजे असतं. ते कुणाच्या जिवावर सोपं होतं, तेवढं कुणी विचारत नाही.

दुपारी शाळेमागच्या लिंबाखाली दोघं बसले. बेबीनंदानं एकेक गाणं गुणगुणायचं, मच्छिंद्रनं तारा चाचपायच्या आणि मान हलवायची.

"ह्यात एफ लागतो, ती चौथी कॉर्ड."

"मंग वाजव की."

"वाजवतो गं, पण ते बोट आडवं घालून सगळ्या तारा दाबायच्या राहत्यात. बोटाचं कातडं निघतं, आवाज निघत न्हाई."

ती खळखळून हसली. तोही हसला. त्या दोघांत काही होतं का? होतं. कुणी बोललं नव्हतं, पण होतं. पंगतीला तो तिच्या समोरची जागा धरायचा, आणि तिला ते कळत होतं, आवडतही होतं. आवडायला काय, आवडलं ते आवडलं.

एक प्रार्थना ठरली, एक देशभक्तीचं, एक झाडं लावा म्हणणारं आणि एक स्काउटचं टाळ्यांचं. चार झाली. पाचवं काही केल्या जमेना. एक फार वर जायचं, दुसऱ्याचे शब्द जड, तिसऱ्यात तो मेला एफ. शेवटी बेबीनंदानं डोळे मिटले आणि सहज, स्वतःशीच म्हटल्यासारखं सुरू केलं.

*वेचता वेचता कापूस, ओटी भरली गं,*
*भीमानं माह्या हाती पाटी दिली गं...*

मच्छिंद्रची बोटं आपोआप फिरली. जी, डी, जी, डी. पुन्हा जी. तो ताडकन उठून उभा राहिला.

"अगं, दोनच कॉर्ड! बिलकुल दोन! कुठून आणलंस हे?"

"माह्या आईचं हाय."

"म्हंजे आई म्हणती?"

"म्हणती न्हाई. आईनं केलं. तिनं जोडलंय."

मालनबाईनं ते कापसाच्या शेतात जोडलं होतं, बोंडं वेचता वेचता. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. दरसाल भीमजयंतीला वस्तीत, जिकडं गावातलं कुणी फिरकत नव्हतं, गायन पार्टीनं दम खाल्ला की मालनबाई उभी राहायची, पदर खोचायची आणि हे म्हणायची. शेवटच्या कडव्यावर तर बाया आधीच टाळ्या धरायच्या.

*संपतची मालन सांगे आयाबायांला,*
*खुरपं ठेवा खाली, लेक धाडा शाळेला.*

असल्या गाण्याला शेवटी करणाऱ्याचं नाव गुंफायची रीत असते. छाप म्हणतात तिला. ज्याची छाप, त्याचं गाणं. मग ते कुणीही कुठंही म्हणो. मालनबाईचं नाव ना शेतीवर होतं, ना घरावर. नवरा संपत वारल्यावर लोक तिला बेबीची आई म्हणून हाक मारायला लागले. तिचं स्वतःचं नाव जिवंत राहिलं ते एवढ्या एका ओळीत.

मच्छिंद्रनं गाणं तीनदा वाजवून घेतलं. मग एक खुंटी उगीच पिळली.

"बेबी, गाव जरा... सरपंच यायचे, त्यांनीच लाकडं दिल्यात, जेवण दिलंय. त्या भीमाच्या नावाच्या जागी दुसरं काही घातलं तर?"

"तर नको म्हणू." ती चटकन बोलली. "चार गाण्यांवर भागव. नाव काढून गाणं न्हाई. अन् आईची छाप बी राहिली पाहिजे."

"बरं बाई, रागावू नको! तुह्या आईचं गाणं जसं हाय तसं. बस्स? माझा शब्द."

त्या शब्दावर ती भोळी पोरगी काय करून बसली बघा. तिचं गाव शिवाराला शिवार लागून होतं. तिनं तिकडं जाणाऱ्या जीपवाल्याजवळ निरोप धाडला, की आई, शेकोटीला ये, तुझं गाणं गिटारवर म्हणणार आहेत, अख्खं गाव म्हणणार आहे.

मालनबाई दिवस मावळायच्या आत हजर. हिरवं नवं लुगडं, डोक्याला तेल, पायात धुतलेल्या चपला. लेकीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "छाप धरून म्हणत्यात नं गं?"

"धरून. मी बजावून सांगितलंय."

"बघ बरं. माह्यं नाव गिटारवर कसं वाजतंय ते ऐकायला आल्ते मी," म्हातारी म्हणाली आणि लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. बेबीनंदाला आईची एवढी माया आली की तिनं भरल्या अंगणात तिला मिठी मारली.

सरपण रचून झालं होतं. गावचे लोक येऊन बसायला लागले, पुरुष पुढं, बाया भिंतीकडं. तेवढ्यात बेबीनंदानं पाहिलं, बद्रीनाथ सर मच्छिंद्रला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगून राह्यले. मच्छिंद्र नुसता मान हलवत होता, हो हो हो. परत आला तो तिच्याकडं न बघताच.

"काय म्हणले सर?"

"काही न्हाई. तू आज मागं बस, बायांमधी. त्यांना म्हणायला लाव. पुढं मी सांभाळतो."

"अन् पाचवं?"

"हो गं, हाय सगळं लक्षात."

ती मागं जाऊन आईशेजारी बसली. शेकोटी पेटली. चार गाणी रडतखडत झाली. गावकरी टाळ्या वाजवायचे पण तोंडं मिटलेली. सरपंचानं तर एक जांभई दिली. मग मच्छिंद्र पुढं आला, गिटारीवर हात मारला आणि म्हणाला, "आता आपल्या मातीतलं एक लोकगीत. लई सोपं हाय, सगळ्यांनी माझ्या मागं म्हणायचं."

लोकगीत! बेबीनंदानं चटकन आईकडं बघितलं.

*वेचता वेचता कापूस, ओटी भरली गं,*
*देवानं माझ्या हाती पाटी दिली गं...*

देवानं. माह्याचं माझ्या केलं, भीमाचा देव केला. एवढ्या गोडीत केलं की कुणाला खटकायला जागाच नाही. आणि गाव उठलं की हो! सगळं गाव म्हणायला लागलं. कापूस वेचणाऱ्या बाया त्या, पहिल्याच ओळीला त्यांची माना डोलवत साथ सुरू झाली. सरपंच मांडीवर ताल धरून बसला. जी, डी, जी, डी. मच्छिंद्रच्या तोंडावर असा आनंद, जसं काही त्याच्याच पोटातून आलंय ते.

दोन कडवी झाली. बेबीनंदा वाट बघत होती, की निदान छाप येईल, निदान तेवढं तरी ठेवलं असेल मेल्यानं. मच्छिंद्रनं शेवटची कॉर्ड जोरात ओढली आणि वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती उठली. तिसरं कडवं तिच्या ओठावर आलं होतं, पहिला सूर फुटणार तेवढ्यात आईनं तिचं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली.

"खाली बस."

"आई, त्यानं तुह्यं..."

"खाली बस म्हणते न! मार्क त्या सरांच्या हाती हायती. पाचच महिने राहिले तुह्ये."

आणि लोकांनी पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणून गलका केला, गाणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा मालनबाईनं स्वतःच आवाज लावला. देवानं माझ्या हाती. सगळ्यांपेक्षा वरचढ, खणखणीत. लेकीच्या रडण्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. बेबीनंदाला वाटलं, जमीन फाटावी आणि ती शाळा, ती गिटार, ती शेकोटी सगळी आत जावी.

कार्यक्रम संपला. लोक जेवणाकडं वळले. बद्रीनाथ सर मुद्दाम बायांकडं आले, मागं गिटार पुसत मच्छिंद्र.

"मावशी, काय आवाज आहे हो! तुम्हाला तर अख्खं पाठ दिसतंय. कुठं ऐकलं होतं?"

मालनबाईनं पदर सावरला. "इथंच ऐकलं, सर. आत्ताच."

"खोटं बोलती ती!" बेबीनंदाचा आवाज चिरकला. "सर, ते गाणं तिनं केलंय. तिचं नाव हाय त्यात, शेवटच्या कडव्यात. ह्यानं कापलं ते. भीमाचं नाव बी कापलं."

सर हसले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण माणूस हसला. "अगं खरात, लोकगीताची हीच तर गंमत आहे. ज्याला त्याला ते आपल्याच घरचं वाटतं. भावना समजतो मी तुझी."

"मच्छिंद्र, सांग सरांना. दुपारी काय बोललास ते सांग."

मच्छिंद्रनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा पंगतीकडं. तिच्याकडं पाहायची हिंमत काही झाली नाही.

"लोकगीतच हाय, सर," तो म्हणाला. "आमच्या तीर्थपुरीला बी म्हणत्यात बाया."

हे मात्र मालनबाईला अनपेक्षित होतं. तिनं त्या पोराला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, बाजारात बैल बघावा तसं. मग म्हणाली, "म्हणत असतील, बाबा." आणि चपला घालायला वाकली.

बेबीनंदा तिला जीपपर्यंत पोचवायला निघाली. रस्ताभर तिच्या डोळ्याचं पाणी खळेना. मी शिबिर सोडते, मी कॉलेज सोडते, त्याच्या गिटारीच्या तारा तोडून टाकते, असं काय काय बडबडत होती. जीप भरायची होती, ड्रायव्हर ओरडून माणसं गोळा करत होता. त्यात त्यांच्या गावचे पाटलाकडचे चार जण आधीच बसलेले, आणि ते आत तेच गाणं म्हणून राह्यले होते.

मालनबाईनं ते ऐकलं आणि जीपच्या दांड्याला हात घातला.

"काही सोडू न्हाई," ती शेवटी म्हणाली. "शीक गप. मलाच आता जयंतीला दुसरं काही जोडावं लागंल. हे म्हणले तर गाव म्हणंल, शिबिरातलं चोरलं, अन् देव काढून भीम घातला."