तिसरा आग्रह

आमच्या परगण्याचा भूगोल मी लिहिला आहे. हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण ऐकणारा लगेच 'अरे वा' म्हणतो आणि मग विषय बदलतो. चौसष्ट पानांचं पुस्तक आहे. 'जमीन', 'धंदा' आणि 'रीतीभाती' अशी तीन प्रकरणं. दोनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या एकशे त्रेसष्ट माझ्या तळघरात आहेत. जमिनीवर एकतीस पानं आहेत, कारण आमची जमीन खरंच तेवढी काळी आहे. धंद्यावर एकोणतीस : मका, सोयाबीन, डुकरं आणि मक्याचं इंधन करणारा कारखाना. उरली चार पानं रीतीभातींची, आणि त्यातलं एक फोटोचं.

त्या तीन पानांत मी एक रीत लिहायची विसरलो. विसरलो म्हणजे, लिहावीशी वाटली नाही. श्वास कसा घ्यावा हे कुणी लिहून ठेवतं का?

आमच्या ओस्टरडेल गावात कुणी कॉफी विचारली, की पहिल्यांदा म्हणायचं, नको, आत्ताच झाली. दुसऱ्यांदा म्हणायचं, तुम्ही कशाला त्रास घेता. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप द्या. मग अडीच कप प्यायची. पहिल्या खेपेला हो म्हणतो तो अधाशी. तिसऱ्या खेपेलाही नाही म्हणतो त्याला खरोखर नको असते. चौथ्यांदा कुणी विचारत नाही, ती बळजबरी झाली.

ही रीत न पाळणारा गावात एकच माणूस आहे, कार्बोनी. सहा वर्षांपूर्वी तो न्यू जर्सीहून मुलीकडे राहायला आला. आल्या दिवशी आर्डिस डीट्झने त्याला कॉफी विचारली, तर तो म्हणाला, हो, दूध-साखर घालून, आणि सोबत खायला काय आहे? आर्डिस ही गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना अपघाताची बातमी सांगावी तसा आवाज खाली आणते. कार्बोनी माणूस चांगला आहे, असंही शेवटी म्हणते. आमच्याकडे असं म्हटलं, की पुढे बोलायचं काही उरत नाही.

मी गावच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होतो. निवृत्त झालो तरी बुधवारी आणि शनिवारी जाऊन बसतो. मला कुणी बोलावलेलं नाही, पण अजून कुणी घालवूनही दिलेलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तिथे लव्हॉन ब्रेके आल्या. त्यांचे यजमान ड्युएन चार वर्षांपूर्वी गेले. जमीन त्यांनी शेजाऱ्याला कसायला दिली आहे, पण थोडी डुकरं स्वतःची ठेवली आहेत. घरात काही आवाज असावा म्हणून, असं त्या म्हणतात. त्या दिवशी त्यांनी एक पुस्तक परत आणलं. ते माझं होतं. माझा भूगोल दोनदा नेणारी व्यक्ती गावात एकच, आणि ती या. पहिल्या वेळी त्यांनी ते चुकून नेलं असावं अशी मी मनाची समजूत घातली होती. दुसऱ्या वेळी मला काही कारण सुचलं नाही, तेव्हापासून मी बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालतो.

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मी राज्याच्या जत्रेला जातेय, दे मॉइनला. पिकअपमध्ये शेजारची जागा रिकामी आहे."

मला तिथल्या तिथे उडी मारून जाऊन बसावंसं वाटलं. अर्थात मी म्हणालो, "छे छे, तुम्हाला कशाला उगीच त्रास."

"त्रास कसला. दोन तासांचा रस्ता, कुणी बोलायला असलं तर बरं."

"माझ्यापेक्षा चांगले बोलणारे पुष्कळ आहेत," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

त्यांनी मान हलवली, श्वास घेतला. मी 'बरं, जागा रिकामीच असेल तर' एवढे शब्द जिभेच्या टोकावर आणून ठेवले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारी सांगत होता, की फाटक उघडं राहिलं आणि अकरा डुकरं खडीच्या रस्त्याने कारखान्याच्या दिशेने निघाली आहेत. लव्हॉन गेल्या. मी जिभेवरचे शब्द तसेच घेऊन टेबलाशी बसून राहिलो.

पुढचे दोन दिवस मी तिसऱ्या आग्रहाची वाट पाहिली. नुसती घरी बसून नाही, त्यांच्या वाटेत उभा राहून. पोस्टात तीनदा तिकिटं घेतली. मी वर्षाला चार पत्रं लिहितो. तिसऱ्या खेपेला त्या भेटल्या. मका यंदा उंच आहे म्हणाल्या. मी म्हणालो, हो, उंच आहे. मग आम्ही दोघंही सोयाबीनकडे वळलो, आणि त्या निघून गेल्या.

शनिवारी सकाळी मी सहकारी संस्थेच्या धान्यगोदामावर गेलो. तिथे वजनकाट्याच्या खोलीत म्हाताऱ्यांची कॉफी असते. आर्डिसचा नवरा हार्लन तिथला मुख्य न्यायाधीश. मी म्हणालो, माझ्या ओळखीच्या एका माणसाचा प्रश्न आहे. सगळ्यांनी कप खाली ठेवले. त्या माणसाला कुणी दोनदा विचारलं, तिसऱ्याआधी फोन आला, तर हिशोब कुठून धरायचा?

एकाने मत दिलं, की फोनने खंड पडला, पुन्हा पहिल्यापासून. दुसरा म्हणाला, मुळीच नाही, फोन घरचा होता की बाहेरचा ते बघावं लागेल. हार्लनने बराच विचार केला आणि निकाल दिला, की डुकरं सुटणं ही दैवी आपत्ती आहे, तेवढा वेळ मोजायचा नाही, तिसरा आग्रह अजून शिल्लक आहे.

"मी डुकरांचं नाव काढलं नव्हतं," मी म्हणालो.

"व्हर्लिन, अरे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून तिकिटं घेतोस," हार्लन म्हणाला. "पोस्टातल्या बाईने गुरुवारीच सांगितलं."

मला खुर्चीखाली जावंसं वाटलं, पण तिथे आधीच कुणाचं तरी कुत्रं होतं. तरी शिल्लक आहे या शब्दाने धीर आला. तो धीर चार मिनिटं टिकला. आर्डिस हार्लनला न्यायला आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि बागकामाचे हातमोजे काढत म्हणाली, "तिसरा कुठला? लव्हॉनने तीनदा विचारलंय. ती मला म्हणाली, त्यांना यायचं नाही, आता आणखी विचारणं बरं दिसत नाही."

मी म्हणालो, दोनदाच. आर्डिस म्हणाली, आणि एप्रिलमधलं?

एप्रिलमध्ये चर्चबाहेर लव्हॉननी मला विचारलं होतं, तुम्ही कधी जत्रेला जाता का? मी म्हणालो होतो, छे, मला गर्दी सोसत नाही. मला वाटलं, त्यांना माहिती हवी आहे. चौतीस वर्षं लोक माझ्याकडे माहितीच मागायला येत होते.

हार्लनने टोपी काढली, जणू कुणी गेलं होतं. तीन म्हणजे तीन, तो म्हणाला. आर्डिसने पुढे सांगितलं, की लव्हॉनना एकटीने एवढा रस्ता नको वाटतो, मागच्या वर्षी गेल्या आणि येताना वाटभर रडल्या, तेव्हा उद्या चर्चच्या जेवणात आणखी कुणाला तरी विचारतील. आणि ते कुणीतरी जाईल. मी घरी एकशे त्रेसष्ट पुस्तकांच्या वर राहीन.

मी हार्लनला विचारलं, स्वतःहून मागितलं तर?

"जागा?" तो म्हणाला. "मागून? तू काय कार्बोनी आहेस?"

रविवारी प्रार्थनेत पाद्री काय बोलले ते मला सांगता येणार नाही. नंतर सगळे चर्चच्या तळघरात उतरलो. लांब टेबलावर नेहमीचं मांडलेलं होतं : नूडल्स आणि चीजचा भाजलेला थर, हॅमचे बन, हिरव्या जेलीत किसलेलं गाजर, जे दर रविवारी येतं आणि बहुतेक तसंच परत जातं. टोकाला लव्हॉननी केलेल्या रुबार्बच्या वड्या. रुबार्बचे देठ फार आंबट, पण त्यांच्या हाताने त्यांचं काय होतं ते मी लिहू शकत नाही. प्रयत्न केला होता, रीतीभातींच्या प्रकरणातून वगळला.

मी पोचलो तेव्हा थाळ्यात एकच वडी उरली होती. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी घेत नाही. आधी एक जण अर्धा कापून घेतो, मग दुसरा त्याचा अर्धा, मग तिसरा त्याचाही. मी एकदा एक केक दुपारी दीडपासून चारपर्यंत संपताना पाहिला आहे, आणि शेवटी जे उरलं ते पाखरांना घातलं. हार्लन आता सुरी घेऊन उभा होता आणि अर्धा नेमका कुठे येतो ते डोळे बारीक करून बघत होता.

टेबलापलीकडे लव्हॉन कॉफीची किटली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर कार्बोनी, हातात हॅमचे दोन बन.

"जत्रेत लोण्याची गाय करतात म्हणे," तो म्हणत होता. "पुरी, खऱ्या गाईएवढी. सहा वर्षं झाली, मी अजून पाहिली नाही."

लव्हॉननी किटली खाली ठेवली. "गुरुवारी मी चालले आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी श्वास घेतला. तो श्वास मी ओळखत होतो. बुधवारी तो माझ्यासाठी होता. दुसऱ्या कुणाला विचारत असत्या, तर दोन नकारांपुरता वेळ माझ्या हाती असता. कार्बोनीच्या बाबतीत तो नव्हता.

मी हात पुढे केला, हार्लनच्या सुरीखालून वडी उचलली, अख्खी, आणि खाल्ली.

खाल्ली म्हणजे अर्धी तोंडात गेली. उरलेली हातात राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. हार्लनची सुरी तशीच वर. कुणाचा तरी काटा बशीत पडला. आर्डिसने नवऱ्याचा दंड धरला. मला आयुष्यात एवढ्या लोकांनी एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं, पुस्तकाच्या प्रकाशनालाही नाही. तेव्हा नऊ जण होते.

मी तोंडात वडी असतानाच म्हणालो, "लव्हॉन, गुरुवारी किती वाजता निघायचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातल्या वडीकडे बघितलं.

"तुम्हाला गर्दी सोसत नाही ना?"

"सोसत नाही," मी म्हणालो. "तरी येतो."

"साडेपाचला," त्या म्हणाल्या. "उजाडता उजाडता. वाटेत खायला सँडविच घेईन."

माझं तोंड सवयीने 'नको, कशाला' असं म्हणायला उघडलं. मी त्यात उरलेली वडी कोंबली. गिळून झाल्यावर म्हणालो, "दोन."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. लव्हॉननी किटली उचलली आणि न विचारता माझ्या कपात ओतली, काठोकाठ. त्यांचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार, मला ते दिसत नव्हते एवढंच.

कार्बोनीने माझ्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षं मी इथं एकटाच होतो, म्हणाला. मग त्याने लव्हॉनना विचारलं, पिकअपमध्ये मागे जागा आहे का. मागे मक्याची पोती आहेत, त्या म्हणाल्या. पोत्यांवर बसेन, तो म्हणाला. त्याच्या मुलीने येऊन त्याला नेलं.

गुरुवारी मी सव्वापाचला पायरीवर उभा होतो, इस्त्रीच्या शर्टात. गाव सुटल्यावर दोन्हीकडे मका, पिकअपच्या टपाहून उंच, आणि रस्ता नाकासमोर सरळ. समोरून कुणाची गाडी आली की लव्हॉन सलाम म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायच्या, पलीकडचाही उचलायचा. मी गाडी चालवत नव्हतो, तरी गुडघ्यावरचं बोट थोडं उचलून बघितलं.

बराच वेळ आम्ही मक्याविषयी बोललो. मग त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"मला वाटलं, माहिती हवी आहे."

त्या हसल्या नाहीत, पण पुढच्या फाट्यापर्यंत त्यांना ते जमवावं लागलं. मग म्हणाल्या, की तुमच्या पुस्तकात ती तीन आग्रहांची रीतच नाही, मी दोनदा शोधली. दुसऱ्यांदा पुस्तक नेलं ते त्याचसाठी. मला वाटलं, तुम्ही वेगळं मोजत असाल, कुठेतरी लिहिलं असेल.

म्हणजे पुस्तक आवडलं म्हणून नेलं नव्हतं. मी बाहेर बघितलं. मका खरंच उंच होता.

"जमिनीचं प्रकरण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "रीतीभाती पुन्हा लिहा. संध्याकाळी माझ्याकडे बसून लिहिलंत तरी चालेल, मी सांगेन. हे मी एकदाच म्हणणार आहे."

"बरं," मी म्हणालो.

तेवढ्यात समोरून हार्लनचा ट्रक आला. एवढ्या सकाळी त्याला तिकडे काय काम होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने आम्हाला पाहिलं आणि स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.

"झालं," लव्हॉन म्हणाल्या. "आता आठच्या कॉफीला सगळ्यांना कळेल."

मी पिशवीतून सँडविच काढलं. हॅमचं होतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरंही काढलं.