आभाराची तालीम

"पोरीला 'सेन्योर' म्हणायला शिकव. हे तुमचं 'शेजारी, शेजारी' आज आहे, उद्या नसेल," असं आमच्या घरमालकीण दोन्या कासिल्दा दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. मी हसले होते. तुम्ही अजून जमीनदारांच्याच काळात राहता, असंही वर ऐकवलं होतं.

बारान्दा अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि सान्तारेनात ती रीत पडली. सेन्योर नाही, साहेब नाही, मालक नाही. डॉक्टर, बसवाला, पोलीस, सगळे शेजारी. माझी निल्दा आता चार वर्षांची आहे. तिला हा शब्द तिच्या बाबाने, एव्हारिस्तोने शिकवला. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात आणि बारान्दांच्या पक्षातही.

मंगळवारी सकाळी रेडिओवर बातम्यांच्या जागी लष्करी बँड वाजायला लागला. नऊला कुणी जनरल बोलला: अध्यक्ष ताब्यात आहेत, देश सुरक्षित आहे. एव्हारिस्तोने पक्षाचं कार्ड चुलीत घातलं. पुलापलीकडे माझ्या बहिणीचं गाव. दहाची बस धरायची ठरली. चपला घालता घालता मी निल्दाची उजळणी घेतली.

"कुणी भेटलं तर काय म्हणायचं?"

"ब्वेनोस दियास, सेन्योर."

"आणि शेजारी?"

"म्हणायचं नाही. पण का?"

"खेळ आहे."

पुलावर बस अडवली. मिशाळ सार्जंट आत चढला. निल्दाने शिकवल्यासारखा नमस्कार केला. त्याने एव्हारिस्तोचे कागद उलटेपालटे केले.

"काम काय?"

"नळ दुरुस्त करतो, सेन्योर."

"माझ्या घरचा सहा महिने गळतोय. सरकार पडलं, पण तो काही थांबायचं नाव घेईना!"

बस जपून हसली. त्याने कागद परत दिले आणि खिशातली पेरूची वडी निल्दाच्या हातावर ठेवली.

"ग्रासियास, शेजारी!" ती म्हणाली.

नमस्काराची तालीम घेतली होती, आभाराची राहिली.

सार्जंट वाकला. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

निल्दाने बाबाकडे बघितलं. तिचं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बालवाडीत."

"बाईंचं नाव?"

खोटं नाव सांगितलं असतं तर निल्दाने तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. मी खरं सांगितलं. "ओदिलिया केसादा."

त्याने सिगारेटच्या पाकिटावर ते लिहून घेतलं. अक्षरं नीट विचारून घेतली. बस सुटली. एव्हारिस्तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तोंडात वडी घोळवत निल्दा म्हणाली, "आई, ओदिलिया बाई तर आम्हाला सेन्योरच म्हणायला लावतात."

याला अकरा दिवस झाले. एव्हारिस्तो म्हणतो, पाकीट संपलं की लोक फेकून देतात. फोन लागत नाहीत, आणि मला पूल ओलांडता येत नाही. तुम्ही त्या बाजूला असाल, तर कापडबाजाराच्या मागे निळ्या दाराची बालवाडी आहे. मूल घालायचंय, चौकशीला आलोय, असं सांगून जा. माझं नाव काढू नका. ओदिलिया बाई आहेत ना, एवढं फक्त बघून या.